नानांची तात, नानीचे सूत



या थंडीत सातवीच्या वर्गात मराठीचा तास घेत होते. 'कातरणे' आणि 'कातणे' या दोन क्रियापदांतला फरक समजावून द्यायचा होता. फळ्यावर वाक्य लिहिले, 'धनगर मेंढीची लोकर कातरतो आणि म्हातारी तिचे सूत कातते.' पहिला भाग मुलांना समजला, कारण कातर सगळ्यांनी पाहिलेली आहे. दुसऱ्या भागापाशी वर्ग थांबला. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, सूत म्हणजे धागाच ना? तो कारखान्यात बनतो. म्हातारी कशी बनवेल?"

मी विचारले, "धागा तयार होताना कोणी पाहिला आहे का?" एकही हात वर आला नाही. मुलांना काय दोष द्यायचा? त्यांच्या आयांनीही तो पाहिलेला नसणार. अंगावरचा प्रत्येक कपडा धाग्याचा, पण धागा कसा होतो हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

मी मात्र पाहिला आहे, आणि बरीच वर्षे ही गोष्ट मी कोणाला सांगत नव्हते. आजचे सदर त्याबद्दलच आहे. आधी थोडी घरातली गोष्ट सांगते, मग लोकर घरी कशी कातायची ते सांगते.

माझे आजोळ साताऱ्याकडच्या दुष्काळी माणदेशातले. नाना पिंजारी होते. खांद्यावर माणसापेक्षा उंच पिंजण घेऊन ते गावोगाव फिरत. पिंजण म्हणजे मोठी कमानच. तिला जनावराच्या आतड्याची ताणलेली दोरी असते, तिला तात म्हणतात. कापसाच्या ढिगात तात बुडवायची आणि लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, त्या थरथरीने दबलेला कापूस सुटा होतो, कचरा खाली पडतो आणि ढीग फुगत जातो. नानांचे मुख्य काम गाद्या-रजयांचे होते. पण आमच्या भागात धनगरांची वस्ती मोठी. मेंढरे कातरली की काही जण लोकर पिंजायला नानांकडे आणत. पैसे नसले तर मजुरी म्हणून थोडी लोकरच ठेवून जात.

ती लोकर नानीच्या वाट्याला यायची. दुपारची जोहरची नमाज झाली की नानी पडवीत चरखा मांडून बसे. पिंजलेल्या लोकरीचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताने चाक फिरतेय आणि चातीवर काळे-करडे सूत भरत चालले आहे, असे तिचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. पुरेसे सूत झाले की नाना ते शेजारच्या गावातल्या सनगरांना नेऊन देत. सनगर त्याची घोंगडी विणत, चिंचोक्याची खळ लावून ती कडक करत. धनगर पावसात जी घोंगडी पांघरतो, तिच्यामागे मेंढी, कातरणारा, पिंजारी, कातणारी आणि विणकर असे इतके हात असत. जात वेगळी, धर्म वेगळा, पण एकाचे काम अडले की सगळ्यांचे अडायचे.

हे सगळे मला आज मोलाचे वाटते. तेव्हा वाटत नव्हते. तालुक्याच्या शाळेत मुली 'पिंजारी' हा शब्द कुजबुजत आणि हसत. पाचवीत बाईंनी सगळ्यांना विचारले, "घरात कोण काय करते?" मी सांगितले, "नानांचे दुकान आहे." दुकान कधीच नव्हते.

मकतबातही तेच. हाफिजसाहेब सूरह कारिअहचा अर्थ सांगत होते. कयामतच्या दिवशी पर्वतांची काय अवस्था होईल हे सांगताना तेथे पिंजलेल्या लोकरीची उपमा आली आहे. हाफिजसाहेबांनी विचारले, "पिंजलेली लोकर कोणी पाहिली आहे?" सगळ्या मुलींत फक्त मी पाहिली होती. तातेचा ठोका पडला की जड, चिकटून बसलेला गोळा कसा हलका होतो, त्याचे तंतू हवेत कसे उडतात, दारातून वाऱ्याची झुळूक आली की ढीगच्या ढीग कसा सरकतो, हे मला पाठ होते. डोंगरासारखी जड वस्तू तशी होईल म्हणजे काय, हे त्या वर्गात माझ्याइतके कोणालाच समजले नसेल. पण मी मान खाली घालून बसले. बोलले असते तर 'तुला कसे माहीत?' हा प्रश्न आला असता.

आणि एक दिवस नाना आमच्या शाळेच्या गल्लीतून आले. पिंजारी आपण आलो हे सांगायला चालता चालता तातेवर टिचकी मारतो, त्याचा टंग-टंग आवाज लांबून ऐकू येतो. मधली सुट्टी होती. मी मैत्रिणींबरोबर फाटकाशी उभी होते. आवाज ओळखला आणि भिंतीमागे सरकले. नानांनी मला पाहिले होते. त्यांनी तातेवर हात ठेवून आवाज बंद केला आणि पूर्ण गल्ली तशीच, न वाजवता पार केली. त्या गल्लीत त्या दिवशी त्यांना काम मिळाले नसणार. घरी आल्यावर त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. मी बीएड करत असताना ते अल्लाहला प्यारे झाले. माफी मागायची राहून गेली, ती राहिलीच.

भगिनींनो, शिक्षिका झाल्यावर मी चरख्याबद्दल वाचू लागले, तेव्हा एक गोष्ट वाचून थबकले. आपल्या देशात चरख्याचे जे सर्वांत जुने उल्लेख मिळतात, त्यांतला एक आपल्या दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथातला आहे. इसामी नावाच्या कवीला किशोरवयात दिल्ली सोडून दौलताबादला यावे लागले होते. बहमनी सुलतानाच्या काळात, १३५० मध्ये, त्याने 'फुतूहुस्सलातीन' हा फारसी पद्यातला इतिहास पुरा केला. त्यात रझिया सुलतानाचा विषय निघाला तेव्हा त्याने अशी मल्लिनाथी केली की बाईची जागा तख्तावर नाही, चरख्यापाशी आहे. म्हणजे चरखा कागदावर आला तोच बाईला गप्प बसवण्यासाठी!

पण याच दख्खनचा दुसरा वारसाही आहे. विजापूरकडच्या सूफी बुजुर्गांच्या परंपरेत, सतराव्या शतकाच्या आसपास, दखनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावांची गाणी रचली गेली. बाया दळताना, कातताना ती म्हणत. जात्याची घरघर आणि चाकाचे फिरणे यांतच अल्लाहचा जिक्र साधायचा, अशी त्यामागची कल्पना. ज्या बाईला मदरशात जाता आले नाही, तिच्यापर्यंत दीनची गोष्ट तिच्याच कामाच्या लयीतून पोहोचली. 'सूफी' हा शब्दही 'सूफ' म्हणजे लोकर या अरबी शब्दावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

चरखा तोच. एकाने त्याची बेडी केली, दुसऱ्याने त्याला मान दिला. म्हणून मला वाटते, घरातले हस्तकाम चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. ते करणाऱ्या बाईला इज्जत मिळते का आणि तिच्या वेळेचा मोबदला मिळतो का, एवढे विचारावे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करत आणि त्या कमाईतून सदका करत. कमाई त्यांची होती आणि ती कुठे द्यायची हा निर्णयही त्यांचाच होता, याकडे आपले लक्ष जात नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गेल्या दोन वर्षांत मी पुन्हा कातायला शिकले. नानीचे पाहून जे डोळ्यांत होते, ते बोटांत उतरायला वेळ लागला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सांगते.

लोकर कुठली घ्यायची? आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची एका वेळी पाव किलोच्या आसपास लोकर निघते. ती राठ असते, स्वेटरसाठी अंगाला टोचते. पण आसन, पिशवी, घोंगडी, दाराशी टाकायचे पायपुसणे यांसाठी तिच्यासारखी टिकाऊ वस्तू नाही. हल्ली तिला भाव नसल्यामुळे अनेक ठिकाणी मेंढपाळ ती टाकूनच देतात. जवळपास मेंढरांचा वाडा उतरला असेल तर मागून पाहा, पण फुकट मागू नका. काहीतरी पैसे द्या.

धुणे. आधी लोकर हाताने मोकळी करून गोखरू, कुसळे, काटे काढून टाका. मग कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण घालून तीत ती बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, ढवळू नका. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर कायमची चिकटते. याच गुणाचा उपयोग करून न विणता जाड 'जेन' बनवतात. पण आपल्याला सूत हवे आहे, तेव्हा घासणे टाळा. पहिले पाणी कोमट असेल तर दुसरेही तेवढेच कोमट ठेवा. मग सावलीत पसरून वाळवा.

पिंजणे. पिंजण आता कोणाकडे असणार? जनावरांचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्या. एकावर थोडीशी लोकर ठेवून दुसऱ्याने हलकेच विंचरा. तंतू एका दिशेला आले की ते उचलून पेन्सिलीवर गुंडाळा आणि पेन्सिल ओढून घ्या. हाच पेळू. पेळू जितका एकसारखा, तितके सूत एकसारखे. नाना म्हणत, "कातणारीची चूक अर्धी पिंजाऱ्याची असते." कातताना सूत तुटू लागले तर आधी पेळू पाहा.

टकळी. चरखा नसला तरी अडत नाही. शाळेत पूर्वी कापसासाठी वापरायचे ती पितळी टकळी लोकरीला हलकी पडते. वीतभरापेक्षा थोडी लांब, पेन्सिलीएवढी जाड, गुळगुळीत काठी घ्या. जुन्या दोन सीडी एकावर एक ठेवून काठीच्या खालच्या टोकाजवळ बसवा. भोक मोठे असते, म्हणून काठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की त्या घट्ट बसतात. वरच्या टोकाला छोटा हूक लावा. टकळी तयार.

कातणे. काठीला हातभर तयार धागा बांधून तो हुकातून वर घ्या. त्याच्या टोकाचे तंतू पेळूच्या तंतूंत मिसळून चिमटीत धरा. टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. पीळ धाग्यातून वर चढताना दिसेल. नवशिक्यांची चूक इथे होते. टकळी फिरत असतानाच त्या पेळू ओढायला जातात, मग टकळी उलटी फिरते, धागा सुटतो आणि टकळी पायावर पडते. माझ्या पायावर ती कितीदा पडली! त्यापेक्षा पीळ भरला की टकळी गुडघ्यांत धरून थांबवा. मग खालची चिमटी न सोडता तिच्यावरचे तंतू हलकेच बोटभर ओढून बारीक करा. आता खालची चिमटी वर सरकवा, साठलेला पीळ त्या तंतूंत शिरेल. पीळ पेळूच्या आत जाऊ देऊ नका, नाहीतर गाठ होते. असे हातभर सूत झाले की काठीवर गुंडाळा आणि पुन्हा टकळी फिरवा. पंधरा दिवसांत हात बसतो आणि मग थांबायची गरज राहत नाही.

पीळ किती द्यायचा? कमी झाला तर ओढताच तंतू एकमेकांवरून सरकतात आणि सूत सुटते. जास्त झाला तर सैल सोडताच सूत स्वतःभोवती वेटोळे घालते. दोन्हींच्या मधले प्रमाण बोटांनाच समजते. एकेरी सूत घोंगडीला चालते. पिशवी किंवा विणकामासाठी दोन सुते एकत्र घेऊन उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, पीळ द्या. दोन्ही पीळ एकमेकांना सावरतात आणि सूत शांत होते. शेवटी लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलके वजन अडकवून वाळवा.

एक लोकरीचा तंतू चिमटीत धरून ओढला तर सहज तुटतो. तेच तंतू पीळ घालून एकत्र आणले की त्यांची पावसात टिकणारी घोंगडी होते. मधे डिंक नाही, गाठ नाही. सगळी ताकद पिळाची. सूरह नहलच्या ९२ व्या आयतीत, मेहनतीने पक्के कातलेले सूत पुन्हा उसकटून टाकणाऱ्या बाईचा दाखला आला आहे, तो करार आणि शपथा मोडणाऱ्यांसाठी. स्वतः हातभर सूत कातल्यावर ती आयत वाचा, दाखला किती नेमका आहे ते बोटांना समजेल. कातायला अर्धा तास लागतो आणि उसकटायला क्षणही लागत नाही.

आता मजुरीचा हिशेब. पन्नास ग्रॅम सूत कातायला मला सहा तास लागले. धुणे आणि पिंजणे वेगळेच. नानीला सुताची मजुरी वजनावर मिळायची. यातली मेख मला आत्ता, स्वतः कातल्यावर समजली. तेवढ्याच वजनाचे बारीक सूत कातायचे तर वेळ कितीतरी जास्त लागतो. म्हणजे जिचा हात जितका चांगला, तिला तासाला तितके कमी पैसे. काश्मीरमध्ये पश्मिन्याचे केसासारखे बारीक सूत आजही बाया घरी चरख्यावर कातत आल्या आहेत. शाल हजारोंना विकली जाते तेव्हा विणकराचे कौतुक होते, दुकानाचे नाव होते. कातणारीबद्दल कोणी विचारत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणी विणकाम, भरतकाम, क्रोशे किंवा कातकाम करून विकत असेल तर पहिली गोष्ट करा. वहीत तास लिहा. किंमत तासांवरून ठरवा. नात्यातल्या कोणी "घरचेच तर आहे" म्हटले तर भेट जरूर द्या, पण ती तुमच्या मनाने दिलेली भेट असू द्या, हक्काने घेतलेली फुकट मजुरी नको.

पुन्हा वर्गाकडे येते. त्या तासानंतर दुसऱ्या दिवशी मी टकळी घेऊन गेले आणि मुलांसमोर सूत कातले. मग पहिल्यांदाच चारचौघांत सांगितले, "माझे नाना पिंजारी होते." वर्गात कोणी हसले नाही. सुट्टीत एक मुलगी मागे घुटमळत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "मॅडम, माझे दादाही पिंजारीच आहेत. आता मशीनवर गाद्या भरतात. पण पिंजण आहे घरी." मग जरा थांबून म्हणाली, "मी वर्गात सांगितलेलं नाही."

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही तिच्या दादांना कार्यानुभवाच्या तासाला बोलावले. पांढरी टोपी, खांद्यावर पिंजण. मैदानात चादर अंथरून त्यांनी लोकर पिंजली. टंग-टंग आवाजाने शेजारच्या वर्गांतली मुलेही धावत आली. त्यांची नात पहिली दहा मिनिटे सगळ्यांच्या मागे उभी होती. मग एका मुलाने ठोकळा चुकीच्या बाजूने धरला, तशी ती पुढे आली. "असा नाही रे, असा धरतात," म्हणाली आणि दादांच्या शेजारी बसली ती शेवटपर्यंत.

आम्ही शिक्षकांनी मिळून दादांना अर्ध्या दिवसाची मजुरी दिली. मला वाटले होते, ते 'नको नको' म्हणतील. त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले, सलाम केला आणि निघाले. फाटकाबाहेर पडताच तातेवर टिचकी मारली. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला. मी वर्गात जाऊन हजेरी घेऊ लागले, पण बराच वेळ नावे नीट वाचता आली नाहीत.

नानांची पिंजण मामांच्या माळ्यावरून मी आता माझ्या घरी आणली आहे. तात तुटलेली आहे, कमान शाबूत आहे. त्या दादांनी नवी तात लावून देतो म्हटले आहे. मजुरी आधीच ठरवून घेतली आहे.

भगिनींनो, या महिन्यात एवढेच करा. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीपाशी बसा आणि विचारा, "तुमच्या हातांनी काय काय केलंय?" मुलांना जवळ बसवून ऐकवा. ज्या कामाचे नाव घ्यायला त्यांना किंवा तुम्हाला संकोच वाटतो, त्याबद्दल आधी विचारा. ती माणसे समोर आहेत तोवर विचारा.

अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो, आणि ज्यांच्या कष्टांवर आपण मोठे झालो त्या आपल्या बुजुर्गांची मगफिरत करो. आमीन.